मोतीरामभाऊंचे थांबे

मोतीरामभाऊ,

तुमच्या मरणाची बातमी मी अडवून धरली होती.

गुरुवारी पाळी संपवून इथल्या रुवी भागातल्या नेट कॅफेत बसलो, तर मस्कतच्या थांब्यावर माझ्या होकारासाठी पत्रं येऊन पडलेली. त्यातलं एक पुण्याच्या विलासचं. वरच लिहिलेलं, ‘मोतीरामभाऊ गेले.’ इंग्रजी अक्षरांत, आपण सगळे मराठी लिहितो तसं. अर्धं वाचलं आणि बाजूला ठेवलं. नियम तुमचाच. मरणाची आणि दंग्याची बातमी फोन लावून खात्री केल्याशिवाय पुढं सोडायची नाही, मग ती कुणीही धाडू द्या. मी तुमच्या दुकानाला फोन लावला, वाजत राहिला. घरी लावला, कुणी उचलला नाही. आता कळतं की त्या वेळेला घरात कुणी नव्हतंच, सगळे तुमच्याबरोबर तांड्यावर गेले होते. पण तेव्हा मी मनाला काय सांगितलं, की लाईट गेली असंल. फोनला लाईट लागत नाही हे मला ठाऊक आहे. तरी सांगितलं.

शुक्रवारी सकाळी तुमची लेक सविता बोलली तेव्हा मी त्या पत्रातली मरणाची बातमी तेवढी सोडली. तोवर पुण्याच्या थांब्यानं ते कधीच पुढं ढकललं होतं आणि माझ्या लोकांना दुसरीकडून कळलं होतं. औंढ्याच्या एका पोरानं मला लिहिलं, ‘भाऊ गेले अन् तुला अजून खात्री पायजे?’ त्याला काय उत्तर देऊ? खात्री नकोच होती मला.

असो. आता तुमच्याबद्दल सगळे लिहून राहिले आहेत. तुम्ही किती शांत होता, कुणाला कधी तोडलं नाही, सगळ्यांना धरून होता. त्यातलं खोटं काही नाही. पण मी ते वाचतो आणि माझं डोकं तापतं. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मग कुणाशी भांडू? आपलं भांडण तर अर्ध्यावर राहिलं.

हे वाचणाऱ्या सगळ्यांना थांबे म्हणजे काय ते माहीत नसणार, म्हणून थोडं सांगतो. तेवढं सोसा. इंटरनेटवर गट काढता येतो. एकानं पत्र टाकलं की ते गटातल्या प्रत्येकाला पोचतं. गटाला एक सांभाळणारा असतो, तो हो म्हणाला तरच पत्र पुढं जातं. हिंगोली जिल्ह्यातली माणसं पोटासाठी कुठं कुठं पांगली, त्यांना जोडायला तुम्ही असा गट काढला. पण एकच मोठा नाही काढला. हिंगोलीचा वेगळा, पुण्याचा वेगळा, औरंगाबादचा वेगळा, सुरतेचा वेगळा, मस्कतचा वेगळा. त्यांना तुम्ही थांबे म्हणालात आणि सांभाळणाऱ्याला राखणदार. एका थांब्यावरचं पत्र दुसऱ्या थांब्याच्या कामाचं वाटलं तर राखणदारानं ते तिकडच्या राखणदाराला धाडायचं, तिकडच्यानं बघायचं घ्यायचं की नाही. सगळ्यांच्या वर कुणी नाही. तुम्ही पण नाही. हिंगोलीच्या थांब्याचे तुम्ही राखणदार, बस.

असं काहून, ते मी तुम्हाला पहिल्यांदा सुट्टीवर आलो तेव्हा विचारलं होतं. तुमच्या मोटारसायकलवरून सेनगावच्या रस्त्यानं आपण तुमच्या तांड्यावर गेलो होतो. तुमचे वडील तांड्याचे नाईक. ते बाजेवर बसून होते, त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून आपण मोठ्यानं बोलत होतो आणि अर्धा तांडा ऐकत होता.

तुम्ही म्हणालात, “आमची जुनी माणसं बैलावर धान्य अन् मीठ वाहायची. बैल वाढले की एका माळाचा चारा पुरायचा न्हाई. मग तांडा फुटायचा. भांडून न्हाई, चाऱ्यासाठी. फुटलेल्या तांड्याला नवा नाईक. अन् जुन्या नाईकानं त्याला सांगायला जायचं न्हाई की इकडून जा, तिकडून जा.”

“आन् नवा नाईक चुकला तर?”

“चुकंल. बैल उपाशी राहतील, मग शिकंल.”

“उपाशी बैल राहिला ना भाऊ. नाईक कुठं राहिला?”

तुम्ही हसलात. नाईकबाबांनी विचारलं, पोरगं काय म्हणून राहिलं, तर तुम्ही त्यांना तुमच्या गोरमाटी बोलीत काहीतरी सांगितलं आणि ते पण हसले. मग चहा आला. माझ्या बोलण्याला उत्तर मात्र आलं नाही. आपलं भांडण त्या दिवशीच चालू झालं, तुम्हाला ते कळलं नाही एवढंच.

भांडणाआधीचं पण सांगितलं पाहिजे, नाहीतर मी नुसता कटकट्या ठरेन.

मी पुसेगावचा, आठवीत शाळा सुटलेला. तुमच्या हिंगोलीतल्या टायपिंगच्या क्लासला मी एसटीनं यायचो, बसस्टँडच्या मागं, खाली सायकलचं दुकान आणि वर तुमची खोली. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं, शाळा काहून सोडली. मी म्हणालो, बाप गेला. तुम्ही पुढं काही विचारलं नाही, मशीनवर कागद चढवून दिला. टायपिंगची परीक्षा काही मी दिली नाही. मस्कतला हॉटेलच्या लाँड्रीत चादरी दाबायचं काम मिळालं आणि निघून आलो. तुम्ही रागावला नाहीत. जिल्हा परभणीतून फुटून वेगळा झाला तेव्हा मी फोनवर म्हणालो, भाऊ, आता आपण परभणीचे राहिलो न्हाई. तुम्ही म्हणालात, “बरं झालं की. चारा पुरंल.”

इथं आल्यावर पहिलं वर्ष मला कसली तरी धास्तीच असायची. आई बरी असंल का. घरावरचे पत्रे उडाले नसतील ना. आईला तर लिहिता-वाचता येत नाही. तुम्ही टाईपरायटर काढून कंप्यूटर बसवले होते. म्हणालात, “तिथं पण कंप्यूटरचं दुकान असंल. जा अन् बस. बोटं तर चालतात ना तुझी?” मग मी लिहायला लागलो आणि तुम्ही पुसेगावहून आईला बोलावून घेऊन माझी पत्रं वाचून दाखवायला लागलात. तिचं उत्तर तुम्ही ती बोलंल तसं टाईप करायचा. एका पत्रात शेजारणीच्या म्हशीबद्दल लांबलचक तक्रार होती आणि मधेच लिहिलं होतं, ‘हे नको लिहू भाऊ, तिला कळंल.’ ते पण तुम्ही टाईप केलं होतं. मी कॅफेत एकटाच हसलो, बाजूचा मलबारी माझ्याकडं बघत राहिला. परदेशात मला पहिल्यांदा हसू आलं ते तेव्हा. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मस्कतचा थांबा काढायचं ठरलं तेव्हा तुम्ही मला राखणदार केलं. मी म्हणालो, “भाऊ, मी आठवी. इथं शिकलेली पोरं हायेत, सेफ्टी ऑफिसर हाय एक.”

“तुला धास्ती लागते ना?”

“लागते.”

“मग तूच कर. ज्याला घोर असतो तो जागा राहतो.”

माझ्या घोराचं एवढं बरं नाव कुणी ठेवलं नव्हतं. घरात, कामावर, सगळीकडं मला भित्राच म्हणायचे. तुमच्यामुळं पहिल्यांदा वाटलं की याचा पण काही उपयोग आहे.

आता विलास.

विलास वसमतचा, पुण्यात मोठ्या कंपनीत. माणूस कामाचा, ते मी कधी नाकारलं नाही. आपल्याकडची किती पोरं त्यानं नोकरीला लावली. कुणाला दवाखान्यात रक्त पाहिजे म्हटलं की तो पहिला उभा. पुण्याचा राखणदार त्याचाच दोस्त, त्यामुळं तिथं विलास लिहील ते चालायचं. त्यानं एकदा पत्र धाडलं की आपल्या भागातल्या एका गावात दोन समाजांत मारामारी झाली, घरं जाळली, गावचं नाव, समाजाची नावं, सगळं. खाली लिहिलेलं, सगळ्या थांब्यांवर सोडा. मी फोन लावला, त्याच गावातल्या किराणा दुकानाला. दुकानदार म्हणाला, “घरं? कुठली घरं? लाऊडस्पीकरवरून दोन पोरांनी एकमेकाची गचांडी धरली, पाटलानं अन् सरपंचानं मिटवलं. तुमी कुठून बोलून राहिले?” मी म्हणालो मस्कतहून. तो म्हणाला, “एवढ्या लांबून? अन् हिंगोलीतून तर कुणी इच्यारलं न्हाई.”

मी पत्र अडवलं आणि विलासला लिहिलं की खात्री झाली नाही, सोडत नाही. माझ्या थांब्यावर दोन्ही समाजाची माणसं एका खोलीत झोपतात, एकाच पातेल्यातलं खातात. ते पत्र सुटलं असतं तर इथं काय झालं असतं याचा मला विचार करवत नाही.

त्यावर विलासनं पुण्याच्या थांब्यावर लिहिलं, आणि तिथून ते सगळीकडं गेलं. शब्द मला पाठ आहेत. ‘गावात कुणी मेलं, काही झालं, तर बातमी पोचवायचं काम कुणाचं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी बातमी अडवायला कधीपासून सुरुवात केली? आणि ती पण आठवी शिकून?’

नावबिव काही घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. माझा आजोबा गावात कुणी मेलं की उन्हातान्हात गावोगाव सांगत फिरायचा. तेच त्याचं काम, गावानं ठरवून दिलेलं, आणि सांगून आला की बाहेर अंगणात बसायचं, वरून भाकर पडंल ती घ्यायची. आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा त्यानं पहिलं ते काम सोडलं. त्याला मरेपर्यंत एका गोष्टीचा अभिमान होता, की आता कुणाचं मरण सांगायला मी जात नाही. विलासनं ते बराबर हेरून मारलं.

मी तुम्हाला फोन केला. तुम्ही नेहमीसारखं आधी “जयभीम” म्हणालात. तांड्याचा माणूस मला पहिला जयभीम घालतो याचं मला एरवी किती बरं वाटायचं. त्या दिवशी वाटलं नाही.

“वाचलं का भाऊ?”

“वाचलं. लई वाईट लिहिलं. हिंगोलीच्या थांब्यावर मी त्याची बोलबंदी केली. पंधरा दिवस.”

“आन् बाकीच्या थांब्यांवर?”

“तिथले राखणदार ठरवतील.”

“पुण्याचा राखणदार त्याच्या ताटातला हाय. तो काय ठरवणार? तुमी एक शब्द सांगा सगळ्यांना. तुमचं ऐकतील.”

“म्हणूनच सांगत न्हाई. आज तुझ्यासाठी सांगितलं, उद्या कुणी दुसराच नाईक होऊन सांगंल. तेव्हा काय करशील?”

“उद्याचं उद्या. आज मला लागलं ना.”

“समजतं मला. तकलीफ झाली तुला. तुझ्या थांब्यावरून तू काढ त्याला, मी अडवलं का?”

“माझ्यावर टाकलेला दगड मीच उचलून फेकायचा व्हय? बाकीच्यांनी नुसतं बघायचं?”

मागं सविता कुणाला तरी सांगत होती की प्रिंटरमधे कागद अडकला. मग तुम्ही म्हणालात, बघू.

तुमचं ‘बघू’ म्हणजे काय ते पुढं तीन-चार महिन्यांनी कळलं. सेनगावकडचा एक माणूस नव्यानं कामाला आला, त्याच्याबरोबर तुम्ही गुळाची एक ढेप धाडली. चांगली पिवळी, कापडात शिवलेली. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. मी ती खोलीत ठेवली आणि कामावर गेलो. माझ्या खोलीत नसीर राहतो, वसमतचाच, आचारी आहे. मी परत आलो तर त्यानं ढेप फोडून सगळ्यांना गुळाचा चहा पाजला होता. मी म्हणालो, अरे, विचारायचं तरी. तो म्हणाला, “मेरेकू क्या मालूम, गूड देखा, चाय में डाल दिया. क्या नियाज का था?”

नियाजचा, म्हणजे प्रसादाचा, नव्हता. शुक्रवारी तुम्हाला फोन केला तेव्हा कळलं कशाचा होता.

“गूळ पोचला का?”

“पोचला.”

“खाल्ला?”

“खाल्ला म्हणजे, नसीरनं चहात टाकला. सगळ्यांनी पिला.”

“तू पिला का?”

“पिलो. काहून?”

“मग मिटलं.” तुमचा आवाज असा मोकळा झाला की बस. “आमच्यात पंचायत बसली अन् न्याय झाला की गुन्हा करणारा गूळ वाटतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं तोंडात घातला की मिटलं. परत तो विषय काढायचा न्हाई.”

मला हे समजायलाच वेळ लागला. मी विचारलं, “म्हणजे हा विलासनं दिला?”

“त्याच्या नावानं.”

“त्यानं दिला का भाऊ?”

“आता तो पुण्यात, त्याला कुठं वेळ. त्याच्या वतीनं मी घेतला.”

“त्याला ठाऊक तरी हाय का?”

नाही, त्याला ठाऊक नव्हतं. माझ्यावर झालेल्या अन्यायाचा न्याय झाला होता, आणि तो झाल्याचं गुन्हेगाराला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, नसीरला तर नव्हतंच. फक्त तुम्हाला माहीत होतं. भाऊ, जगात कुठल्या पंचायतीनं असा न्याय केला असंल?

मी म्हणालो, “गुन्हा त्याचा अन् दंड तुमी भरला?”

“नाईकाला कधी कधी भरावा लागतो. तांडा टिकला पायजे.”

“पण तुमी नाईक न्हाई म्हणता ना? सांगायची वेळ आली की तुमी कुणी न्हाई. अन् गूळ वाटायच्या वेळेला नाईक?”

तुम्ही म्हणालात, गिऱ्हाईक आलंय, ठेवतो.

गिऱ्हाईक आलं नव्हतं. सविताचा आवाज पण नव्हता मागं, दुकान बंदच असंल. तुम्ही बहाणा करून फोन ठेवला, आणि त्याचा मला राग आला आणि तुमची दया पण आली, दोन्ही एकदम. नंतर नसीरला सांगितलं तर तो म्हणाला, बुढ्ढा तेरेकू चाहता है, इतनी दूर गूड भेजा. ते मला कळत नव्हतं असं नाही. माझं गाऱ्हाणंच ते आहे. तुम्हाला माझी माया होती, तुम्हाला दिसत होतं, तुमच्या हातात होतं, आणि तुम्ही गूळ धाडला.

त्यानंतर आपण तो विषय काढला नाही. तुमच्या लेखी मिटलेलाच होता. माझ्या थांब्यावरून मी विलासला काढलं होतं, बाकी थांब्यांवर तो लिहीत राहिला, दिवाळीला शुभेच्छा, कुणाचं लग्न, नोकरीच्या जागा. लोक त्याला धन्यवाद म्हणायचे आणि ती पत्रं मी माझ्या थांब्यावर पण सोडायचो, कारण नोकरीच्या जागा माझ्या पोरांना पण लागतात. शुक्रवारी तुम्हाला फोन करायचो. तुम्ही विचारायचे, काय म्हणते गरमी, मी सांगायचो बराबर हाय.

आता तुम्ही नाही. विलासच्या त्या पत्राचा दुसरा अर्धा भाग मी नंतर वाचला. आपण सगळे थांबे मोडून एक मोठी वेबसाईट काढू, तिथं फोटो टाकता येतील, एक समिती राहील, ती तो बघंल. राखणदारांनी आपापले पासवर्ड त्याच्याकडं द्यावेत. आणि शेवटी, ‘भाऊंची हीच इच्छा होती.’

तुमची इच्छा, भाऊ! माझ्यासाठी सांगताना तुम्हाला एक शब्द जड झाला आणि आता तुमच्या तोंडी त्यानं वाक्यंच घातली. तुम्ही असतानाच राखणदारांना एकदा बसवून सांगितलं असतं की माझ्यामागं असं करा, असं करू नका, तर कुणाची हिंमत झाली नसती. पण तुम्हाला वाटलं, आपण कुणी नाही म्हटलं की आपण खरंच कुणी नसतो. तसं नसतं. लोक तुमच्याकडं बघूनच गप्प बसायचे. तुम्ही गेलात आणि पहिल्या आठवड्यात पुणं त्याच्याकडं गेलं, मग औरंगाबाद. सुरतेच्या राखणदारानं मला फोन करून विचारलं, तुमी काय करून राहिले, तुमी भाऊंच्या जवळचे. मी म्हणालो अजून ठरलं नाही. दोन दिवसांनी तो पण तिकडं गेला.

विलासचं बोलावणं मी माझ्या थांब्यावर सोडलं. त्याला काढलेलं असलं तरी हे पत्र लोकांच्या कामाचं होतं, त्यांचं त्यांना ठरवू द्यावं. शुक्रवारी खोलीत सगळे जमले. सेफ्टी ऑफिसर म्हणाला, “आपण एकटं राहून काय करायचं? सगळं गाव तिकडं.” औंढ्याचा पोरगा म्हणाला, “लेकराचे फोटो दिसतील घरच्यांना.” कुणीतरी हळूच म्हणालं, याचं अन् विलासभाऊचं जुनं आहे, म्हणून हा अडून बसलाय. नसीर चिडला, म्हणाला, किसने बोला, सामने बोल. मी त्याला बसवलं. कारण जो बोलला त्याचं चुकलं असं मला छातीवर हात ठेवून सांगता येईना. मी अडवतोय ते थांब्यासाठी की माझ्यासाठी? इतकी वर्षं पत्रं सोडताना-अडवताना मला हे कळायचं. आपल्या रागाचं पत्र कुठलं आणि कामाचं कुठलं. या वेळेला कळेना. आणि ज्याला विचारायचं तो माणूस नाही. असता तरी म्हणाला असता, तुझा थांबा, तू ठरव.

म्हणून मी विलासला पत्र लिहायला घेतलं. पासवर्ड देतो, माझ्या लोकांना सांभाळा, मी स्वतः येत नाही. एवढंच. लिहून झालं होतं. धाडायचं तेवढं राहिलं होतं. दोन दिवस ते तसंच पडून होतं. मला वाटलं होतं, तुमच्याबरोबरच हे पण संपवावं, धास्ती तरी जाईल.

तेवढ्यात सविताचा फोन आला. दुकान ती बघते आता. हिंगोलीचा थांबा पण तिच्याकडंच आलाय, कुणी दिला नाही, कंप्यूटर तिच्यासमोर आहे म्हणून आलाय. आवाज थकलेला होता.

“दादा, विलासभाऊंचं वेबसाईटचं पत्र पडून हाय माझ्याकडं. सोडू का नको?”

“तुझा थांबा हाय सविता. मी काय सांगू.” माझ्या तोंडून हे गेलं आणि मलाच माझा राग आला.

“बाबांसारखं नका बोलू. मी इच्यारून राहिले ना.”

“बाबा असते तर सोडलं असतं.”

“ते ठाऊक हाय मला.” मग म्हणाली, “त्यांनी तुमची माफी मागितली का?”

“कुणी?”

“विलासभाऊंनी. ते लिहिलं होतं त्याची. मी वाचलं होतं तेव्हा, दुकानातच होते.”

“न्हाई.”

“कधीच न्हाई?”

“न्हाई.”

“मग न्हाई सोडत. तसंच लिहिते त्यांना. आधी सगळ्या थांब्यांवर माफी मागा, मग वेबसाईटचं बोलू. आन् बाबांची इच्छा काय होती ते मला ठाऊक हाय, त्यांनी सांगू नये.”

मी म्हणालो, “अगं, लोक तुझ्यावर उठतील. तो पोरांना नोकऱ्या लावतो.”

“लावू द्या की. त्याला कोण न्हाई म्हणून राहिलं?” मग तिनं कुणाला तरी ओरडून सांगितलं की झेरॉक्स बंद आहे, आणि मला म्हणाली, “ठेवते दादा. आईनं तुमच्या आईला बोलावलंय उद्या, दोघी बसतील जरा.”

तिचं पत्र संध्याकाळी माझ्या थांब्यावर येऊन पडलं. चार ओळी, त्यात माझं नाव, विलासचं नाव, त्यानं काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं. मी ते वाचलं आणि माझा हात पुढं जाईना. माझ्याच बाजूचं पत्र मीच कसं सोडणार? नसीरला खुर्चीवर बसवलं. म्हणालो, तू वाच, तुला बराबर वाटलं तर सोड. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो, त्यात इंग्रजी अक्षरं, बोट ठेवून ठेवून वाचलं. मग त्यानं सोडलं आणि म्हणाला, “ये लडकी किसपे गई रे? बुढ्ढेपे तो नहीं.”

विलासला लिहिलेलं पत्र मी पुसून टाकलं. माझ्या थांब्यावरचे बरेच जण जातील, काही गेले पण. जे राहतील त्यांच्यासाठी मी आहे. विलास माफी मागंल असं मला वाटत नाही. सविताला लोक काय काय बोलतील, ती ते किती दिवस सोसंल, याची मला आता नवीन धास्ती लागली आहे.

आणि भाऊ, ‘त्यानं तुझी माफी मागितली का,’ एवढं एकदा तुम्ही विचारावं म्हणून मी इतके शुक्रवार फोन करत होतो. तुम्हाला वाटायचं, मी घरची खुशाली विचारायला करतो.